लाल मोटारीचा मिस्त्री

लटारू मिस्त्रीचा विषय निघाला की आरमोरीच्या बाजारात कोणीतरी हमखास म्हणतं, "माणूस चांगला होता, पण कामात निष्काळजी." माझं डोकं फिरतं. उलटून बोलता येत नाही, म्हणून जास्तच फिरतं.

मी तेव्हा वैनगंगेच्या घाटावर जंगल नाक्याचा कारकून होतो. लटारू घाटाजवळच राहायचा. जात ढिवराची, बाप-आजा नदीत जाळं टाकणारे. हा लढाईच्या काळात लष्कराच्या मोटारखान्यात राबला आणि पान्हा हातात घेऊनच गावी परतला. आमच्या मुलखात तेव्हा मोटारी अशा किती? लाकूड ठेकेदारांचे खटारे, एक प्रवासी मोटार, आणि गावचे मालगुजार, म्हणजे जमीनदार, शालिकरामभाऊ यांची लाल मोटार.

ती लाल मोटार म्हणजे प्रकरणच होतं. दोनच माणसं बसायची, वर टप नाही, आणि बुटकी तर इतकी की पोट जमिनीला घासेल. जंगलखात्याचा कोणी गोरा साहेब विलायतेला परतताना भाऊंना विकून गेला होता. शर्यतीसाठी घडवलेली गाडी आमच्या बैलगाड्यांच्या चाकोरीतून चालायची, हेच नवल. पुढे मालगुजारी गेली, पण भाऊंनी मोटार सोडली नाही आणि लटारूनं भाऊंना सोडलं नाही. दोघं एका वयाचे, एकाच घाटावर पोहायला शिकलेले.

तिचा ब्रेक तेलावर चालायचा. पायाखालची पट्टी दाबली की नळ्यांमधून तेलाचा रेटा चारही चाकांना पोचायचा. पण मोटार जुनी, आतलं रबर झिजलेलं, तेल कुठून ना कुठून पाझरायचंच. नागपूरहून डबा येईनासा झाला तेव्हा लटारू स्वतःच एरंडीच्या तेलात डॉक्टरांकडचं स्पिरिट मिसळून बाटली भरून ठेवू लागला. गावचे टवाळ म्हणत, मालगुजाराची मोटारही प्यायल्याशिवाय चालत नाही.

दरवर्षी दसऱ्याआधी तो जुनं तेल काढून टाकून नवं भरायचा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पट्टी नुसतीच खाली जाते, ब्रेक लागत नाही. ती हवा काढायचं काम एकट्याचं नव्हे. लटारू मोटारीखाली उताणा पडून चाकाजवळचा नट ढिला करायचा, पुन्हा आवळायचा, आणि वर पट्टीवर पाय ठेवून त्याची बायको गोकुळा, पदर खोचून.

"दाब वो."

"दाबली जी."

"धरून ठेव. आता सोड."

"अन् माह्या पाय दुखला तं कोण दाबून देईल?"

मोटारीखालून हसण्याचा आवाज यायचा. त्यांना मूलबाळ नव्हतं. नवराबायको चारचौघांत एकमेकांशी बोलतसुद्धा नसत अशा त्या दिवसांत ही दोघं मोटारीच्या आडून खुशाल थट्टा करायची. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

त्रेपन्न सालच्या पौषात लटारू नदीपलीकडे बहिणीच्या गावी तेरवीला गेला होता. तो नसताना शालिकरामभाऊ त्याच्या दारात थांबले. आमच्याकडे एक रीत आहे. दारात थांबलेली पाहुण्याची बैलगाडी कोरड्या आसानं जाऊ द्यायची नाही, घरातलं तेल आसाला घालून मगच निरोप द्यायचा. याला ओंगण म्हणतात, आणि जे घर ओंगण देत नाही त्याला लोक नावं ठेवतात. म्हणून गोकुळानं मोटारीच्या ब्रेकच्या तेलाच्या भांड्याचं झाकण काढून पाहिलं, तर तेल तळाला गेलेलं. मिस्त्रीची बाटलीही रिकामी. मग तिनं घरचं मोहाच्या बियांचं तेल काढलं. थंडीत ते तुपासारखं गोठतं, म्हणून चुलीवर तापवून पातळ केलं आणि ब्रेकचं भांडं काठोकाठ भरलं. पाहुण्याला काही कमी पडू नये, एवढंच तिच्या मनात.

मला हे भाऊंनीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर हातब्रेक ओढून थांबले होते. "बाबूजी, वयनीनं मले चहा देल्ला अन् मोटारलेबी ओंगण देल्लं. मोहाचं, चुलीवर तापवून!" ते हसले, मीही हसलो आणि फाटक उघडलं.

घाटाचा उतार मोठा. खाली पलीकडे नेणाऱ्या डोंग्याची वाट पाहत बाया मासळीच्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. मोटार थांबेना. भाऊ पट्टीवर पाय आपटताना मला वरून दिसत होते. हातब्रेकही ओढला असेल, पण जुन्या तारेनं काय होणार? बायांवर जाऊ नये म्हणून त्यांनी मोटार वळवली, ती रचलेल्या सागाच्या ओंडक्यांवर गेली. हातातलं चक्र छातीत बसलं. त्यांनी पाणी मागितलं, आणि आम्ही ते आणेस्तोवर गेले.

डोंगेवाल्यानं लटारूला बोलावून आणलं. भाऊंच्या देहापाशी तो ओक्साबोक्शी रडला. मग उठून मोटारीकडे गेला. पोलीस येईपर्यंत राखणीला मीच होतो. त्यानं ब्रेकच्या भांड्याचं झाकण काढून बोट आत घातलं, तर बोटावर पांढरा गोळा आला. रात्रीच्या थंडीनं तेल पुन्हा गोठलं होतं आणि नळीत उतरायचं भोक बुजून नळ्या रिकाम्याच राहिल्या होत्या. त्यानं वास घेतला. मोहाच्या तेलाचा वास काय लपतो?

"हे कोनं घातलं, बाबूजी?"

मी भाऊंचं सकाळचं बोलणं सांगितलं. त्यानं आपल्या घराकडे पाहिलं. म्हणाला, "तिले हे समजलं तं जीव देईल."

मग धोतराच्या सोग्यानं त्यानं भांडं पुसून काढलं, पांढरा कण राहू दिला नाही. चाकाजवळचा नट पान्ह्यानं ढिला केला. जमादार आला तेव्हा हात जोडून म्हणाला, "दसऱ्याले तेल बदललं साहेब, तवा नट माह्याच हातून ढिला राह्यला." जमादारानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. कायद्यानं ते चुकीचं असेल; मला त्याचं काही वाटत नाही.

चांद्याच्या तुरुंगात राहून तो परत आला. मोटार कोणी हाती देईना, त्यानं पुन्हा जाळं धरलं. तेवढं त्यानं सोसलं. पण गोकुळानं मनाशी पक्कं धरलं होतं, की नट आवळताना आपण वरून थट्टा करत होतो, हा खाली हसत होता, म्हणूनच नट ढिला राहिला. शालिकरामभाऊंच्या म्हाताऱ्या आईचं घर आपल्या हसण्यापायी उजाड झालं. त्या दिवसापासून ती नवऱ्याशी हसली नाही. भात वाढायची, धोतर धुवायची, बस. कोणी विषय काढला की म्हणायची, "कामाच्या टायमाले हसे तो. मानसाचा जीव गेला." लटारू जवळच जाळ्याच्या गाठी मारत ऐकून घ्यायचा.

एकदा मी चिडून त्याला नदीवर गाठलं. "सांगून टाक तिला. असं किती दिवस चालायचं?"

"माह्यावर रागावून तं जगून राह्यली ना, बाबूजी," तो म्हणाला. "रागावू द्या."

मी नाक्यावर परत गेलो.

अठ्ठावन्न सालच्या भादव्यात लटारू तापानं गेला. मी तेरवीला गेलो. लोक उठल्यावर गोकुळा माझ्यासमोर येऊन बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचा चेहरा निवलेला दिसला. आता तो नाही, निदान त्याच्यावरचा आळ तरी धुऊन काढावा, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

त्याआधी तीच बोलली.

"बाबूजी, जायच्या आंदी म्या हात धरला त्याइचा. म्हनलं, भाऊ तुमच्या हातून गेले, पन म्या माफ केलं तुमाले."

"मग? काय म्हणाला?"

"काई नाई. मले हात जोडले."

"बरं केलंस, बाई," मी म्हणालो.