कुरडया वाळेपर्यंत

गॅसची नवी टाकी लावली की मी तिच्यावर खडूनं तारीख घालतो. बायको म्हणते, बोहल्यावर खडू मिळाला असता तर तुम्ही माझ्यावरही तारीख घातली असती. सवय कंपनीची आहे. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी प्लॅनिंग बघतो. कुठला माल कधी बनेल, कधी जाईल, किती उरेल हे आधी सांगायचं आणि चुकलं की शिव्या खायच्या.

त्या मार्चमध्ये आम्हाला एकाच गोष्टीची धास्ती होती. धुराचे नियम बदलणार होते. एप्रिल लागला की जुन्या नियमांच्या गाड्या विकता येणार नव्हत्या, आणि आमच्या गोदामात त्याच गाड्यांचा माल छतापर्यंत रचलेला. परदेशातून आलेल्या आजाराची चर्चा चहापुरती. आमचे साहेब तर म्हणत, "जुना माल उरला तर मी तसाही मरणार आहे, राव. व्हायरसला म्हणावं, रांगेत ये."

मग वरून हुकूम आला की हजेरीच्या यंत्रावर कोणी अंगठा लावायचा नाही, स्पर्शातून रोग पसरतो. यंत्राला प्लॅस्टिकची पिशवी बांधली. त्याऐवजी गेटवर एक रजिस्टर आलं आणि त्याला सुतळीनं बांधलेलं एकच पेन. तिन्ही शिफ्टची माणसं त्या पेनानं सह्या करू लागली, काही जण तर विचार करताना ते दातात धरून. मी साहेबांना हे दाखवलं. ते म्हणाले, "मग पेनाला मास्क शिवू का?" सगळे हसले, मीही हसलो. साहेब पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत गेले. त्यांची आठवण निघते तेव्हा अजून हेच वाक्य निघतं.

घरी, पिंपळे गुरवला, सासूबाई आल्या होत्या. त्या लातूरकडच्या. दरवर्षी मार्चमध्ये लेकीच्या कुरडया घालायला यायच्या, कारण लेकीला गव्हाचा चीक नीट शिजवता येत नाही असं त्यांचं मत होतं आणि लेकीनं ते कधी खोडून काढलं नव्हतं. खोडलं असतं तर स्वतः शिजवावा लागला असता.

सासरे गावीच असायचे. त्यांना साखर. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई सासूबाई टोचायच्या. स्वतःला टोचून घ्यायला सासऱ्यांचा हातच धजत नाही, हे आमच्या घराण्यात सर्वमान्य होतं. यंदा आठवडाभरासाठी शेजारच्या नर्सबाईंना सांगून ठेवलं होतं. पाडवा बुधवारी होता. मंगळवारी सकाळी मी सासूबाईंना गाडीनं पोचवणार, म्हणजे पाडव्याची गुढी त्या घरी उभारणार, असं ठरलं होतं.

शनिवारी गच्चीवर कुरडया पडल्या. रविवारी सगळ्या देशानं घरात बसायचं आणि पाच वाजता थाळ्या वाजवायच्या असं फर्मान होतं. सासूबाईंनी गच्चीवर जाऊन परात बडवली. शेजारीपाजारी वाकून बघायला लागले. "कावळे पळालेत बगा," त्या खाली येऊन म्हणाल्या. "असं रोज वाजवायला सांगा त्यांना." ऊन मात्र दिवसभर आलं नव्हतं.

सोमवारी कंपनीला टाळं लागल्याचा निरोप आला. मी म्हणालो, "आई, चला. रिकामाच आहे, आजच सोडतो. लक्षणं बरी दिसत नाहीत."

"आन् कुरडया?"

"राहू द्या, मागाहून पोचवतो."

"वल्या हायत, जावईबापू. मधी दाबून बगा. वल्या भरल्या की बुरशी लागती. तिकडं सुई टोचायला बाई हाय. हितं कुरडया पालटायला कोन हाय? तुमी?"

बायको म्हणाली, "आई, त्यांना सांगू नको. ते प्रत्येकीवर तारीख घालतील."

मी एक कुरडई दाबून पाहिली. मध्ये ओली होती. आणि माझा सगळा जन्म माल पूर्ण झाल्याशिवाय गाडी सोडायची नाही, यात गेलेला. मी म्हणालो, बरं, ठरल्याप्रमाणे उद्याच.

संध्याकाळी बातमी आली, जिल्ह्यांच्या हद्दी बंद.

"बंद म्हंजे?" सासूबाई म्हणाल्या. "मला माज्या घरी जायाला कोन अडवतंय?"

"पोलीस अडवतील, आई."

"त्यास्नी कुरडया दिऊ की."

मंगळवारी दुपारी नर्सबाईंचा फोन आला. पुण्यामुंबईहून येणाऱ्यांना तपासायला त्यांना गावाच्या वेशीवर बसवलं होतं, घरी कधी सुटतील सांगता येत नव्हतं. आज संध्याकाळची सुई टोचता येणार नाही, पुढचंही नक्की नाही. सासूबाईंनी फोन ठेवला आणि त्या खुर्चीत बसल्या. त्यांना मी एवढा वेळ रिकाम्या हातांनी बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. बायको एकदा माझ्याकडे बघायची, एकदा गाडीच्या किल्लीकडे.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला. सासऱ्यांनी मोबाईल डब्याला टेकवला होता. आधी छत दिसलं, मग त्यांची हनुवटी.

"नीट ऐका," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढला होता. "घाबरायचं न्हाई. आधी बाटली..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत सासऱ्यांनी औषध ओढलं, सुईवर टिचकी मारून हवा काढली, सदरा वर केला, पोटाची चिमूट धरली आणि टोचून मोकळे झाले. लातूरच्या कुठल्याही दवाखान्यात नोकरी लागली असती, इतकं सफाईनं.



"तुमाला येतंय?" सासूबाईंनी विचारलं.

"येतंय की."

"कदीपासनं?"

"डाक्टरनं शिकवलं तवापासनं."

"मंग इतकी वर्सं मला कशाला राबवलं?"

सासरे सदरा नीट करत म्हणाले, "सुई टोचताना तू बोलत न्हाईस. दिवसात तेवढंच दोन येळा."

सासूबाईंनी फोन कट केला. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर पंतप्रधानांचं आठ वाजताचं भाषण सुरू झालं होतं. एकवीस दिवस, असं काहीतरी ऐकू आलं. बायको तिकडे धावली. सासूबाई तिथंच उभ्या राहिल्या, मग त्यांनी पदरानं स्क्रीन पुसला आणि पुन्हा फोन लावायला माझ्याकडे दिला.

"हां, ऐकताय का? सुई घेतली की लगीच जेवायचं असतं. टोपल्यात काय हाय? उगडून दावा."