विड्याचा प्रवेश

छातीत पाणी झालं म्हणून मी सांगलीला बहिणीच्या घरी पडून होते, तेवढ्यात माझ्या दोन बातम्या गावोगाव फिरून आल्या. एका गावात मला क्षय झाला होता, दुसऱ्या गावात मूल. दोन्ही बातम्या समाचाराला येणाऱ्या बायकांनीच आणून दिल्या, त्याही दारातूनच, चहा नको म्हणत.

मिरजेच्या डॉक्टरांनी सुई घालून पाणी काढलं आणि बरेच महिने तपासून मला रंगभूमीवर उभं राहायची मोकळीक दिली. मी ट्रंक भरली. आमच्या नाटक कंपनीचा मुक्काम तेव्हा साताऱ्याला होता. मालकांनी नायिकेचं काम नव्या मुलीला देऊन टाकलं होतं. मला म्हणाले, "बाई, तुम्ही आता आईचं काम करा. लोक काय म्हणतील?"

मी तिशीही ओलांडली नव्हती. आणि आई कुणाची, तर माझ्याहून थोराड नायकाची! माझं डोकंच फिरलं.

"लोकांनाच विचारू," मी म्हणाले. "एक खेळ द्या. कुणी उठून गेलं, तर आई काय, आजी करते."

मालक कबूल झाले.

माझ्या वाट्याला आलेल्या नाटकात नायिका नायकाला विडा भरवते. विडा खोटा चालत नसे, ही कंपनीची जुनी रीत. पान, चुना, कात सगळं खरं, आणि लावायचं नायिकेनेच, प्रेक्षकांसमोर. खेळाच्या रात्री मी विडा लावून पुढे केला. नायकाने तोंड उघडलं नाही. विडा हातात घेतला, मान वळवून चघळल्याचं सोंग केलं आणि हळूच शेल्यात दडवला. माझ्या हातचं खाऊन त्याला क्षय होणार होता ना! आजारपणाआधी हाच गृहस्थ विडा खाताना माझी बोटं सोडत नसे.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने एक म्हातारी उठली. वाटलं, चालली ही. पण ती कमरेवर हात ठेवून ओरडली, "आवं, इडा खावा की! शेल्यात काय कोंबताय? आमास्नी दिसत न्हाई व्हय?"

सगळा मंडप हसला. मी पुढे झाले, त्याच्या शेल्यातून विडा काढला आणि सर्वांना दिसेल असा स्वतः खाल्ला. मग दुसरा लावायला बसले. मुळीच घाई केली नाही. चुना नीट फिरवला, लवंग टोचली. एकदाही खोकला आला नाही. विडा त्याच्या ओठांशी धरला आणि नाटकात नसलेलं वाक्य म्हणाले, "खायचा तर माझ्या हातून खा, नाहीतर सगळ्यांसमोर नको म्हणा."

त्याने खाल्ला. टाळ्या कुणासाठी पडल्या, हे त्यालाही कळलं. खेळ संपेपर्यंत एकही माणूस उठून गेला नाही.

पडद्यामागे मालक खुशीत आले. "नायिका तुम्हीच! फक्त तो विड्याचा प्रवेश तेवढा काढून टाकू. उगाच कुणाला शंका नको."

"प्रवेश काढलात तर लोकांना वाटेल, खरंच काहीतरी होतं," मी रंग पुसत म्हणाले. "विडा जागच्या जागी राहील. नायकाला गिळत नसेल, तर त्याला वडिलांचं काम द्या."

सांगलीच्या खेळाला तो पांढऱ्या मिशा लावून माझा बाप झाला होता.