देवासहून आलेला फोन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही.

इकडे माळव्यात, बदनावरच्या मंडीत पोती उचलून सुरुवात केली, आता सोयाबीनचा व्यापार आहे. तिथे शिकलो ते एवढंच — जो घाई करतो, त्याचा माल आधी उघडून बघायचा. भाव पटला नाही तर उठून चालायला लागायचं. समोरचा हाक मारतोच. पहिल्या हाकेला वळायचं नाही.

माझी रेवा तेव्हा पंधरा वर्षांची. पोटात गाठ निघाली. देवासच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंडाशयावर साधी गाठ आहे, कॅन्सर नाही वाटत. नुसती गाठ सोलून काढू, अंडाशय राहील, पुढे मूलबाळ व्हायला बरं. पण उशीर नको, गाठीच्या वजनानं अंडाशयाला पीळ पडू शकतो.

घाई — मला तिथेच वास आला. आणि अंडाशयासकट सगळं काढण्यापेक्षा ते वाचवायला जास्त पैसे सांगितले? ही कुठली रीत? "सोचकर बताता हूँ" म्हणालो आणि उठलो.

काही दिवसांनी दुकानात बाईंचा फोन आला. शेजारच्या दलालाला मी स्क्रीन दाखवली. "देखा भिया? आता बाई भावात उतरतील." तो हसला. मी फोन कापला. पुन्हा वाजला — पुन्हा कापला. काय वाटलं तेव्हा? खरं सांगू? मजा वाटली.

त्याच आठवड्यात रेवा शाळेत कळवळून पडली. देवासपर्यंत गाडीत माझा दंड घट्ट धरून होती. पीळ पडला होता. त्या बाजूचं अंडाशय वाचलं नाही. बायको औषधं आणायला गेली असताना बाई एवढंच म्हणाल्या, "मी फोन केला होता तुम्हाला."

आणि मी काय केलं? घरी, नात्यात, मंडीत सांगत सुटलो — बाईंनी पैशासाठी चांगलं अंडाशय कापलं. इतक्या तावातावानं, की मलाही पटायला लागलं. बाईंचा राग अजून येतो. गप्प का राहिल्या त्या? बायकोला का नाही सांगितलं? — पाहिलंत, अजून त्यांच्याकडेच बोट.

आता रेवाचं लग्न ठरलंय, आणि दुसऱ्या बाजूला गाठ निघालीय. काल नवे डॉक्टर म्हणाले, उशीर नको. ती म्हणाली, "सोचकर बताती हूँ," आणि उठली. अगदी माझ्यासारखी. बाहेर येऊन म्हणाली, "बाबा, हे लोक कापतातच. तुम्हीच तर सांगता."

उद्या सकाळी तिला सांगणार आहे. फोन आला होता. मी कापला होता. मग ती डॉक्टरांकडे माझ्या गाडीतून येईल, की आईबरोबर बसनं जाईल — ते तिचं.