एल्साबाईंचा भरलेला रविवार

एल्साबाई गेल्याचं मला वाशिमच्या भाजीबाजारात कळलं. मेथीची जुडी उलटीपालटी करून बघत होते, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे शांता, सॅम्युएलरावांची मुलगी. सॅम्युएलराव म्हणजे बाईंच्या दवाखान्यातले कंपाउंडर. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण शांताने बाईंशी संबंध ठेवला होता. "ताई, एल्साबाई गेल्या. झोपेतच गेल्या म्हणे," ती म्हणाली. नव्वदी ओलांडलेलं माणूस, नॉर्वेतल्या कुठल्याशा वृद्धाश्रमात, झोपेत जातं, यात धक्का बसण्यासारखं काही नव्हतं. "बरं झालं, हाल नाही झाले," असं आपण सगळेच म्हणतो तसं मीही म्हटलं, मेथी घेतली आणि घरी आले. रडू वगैरे आलं नाही. त्याला आता दीड-दोन महिने होत आले. शांताच म्हणत होती, बाईंबद्दल तुम्ही लिहा, त्यांना जवळून पाहिलेलं लिहितं माणूस दुसरं उरलं नाही. म्हणून लिहिते आहे. आधीच सांगून टाकते, मी ख्रिस्ती नाही, कधी झाले नाही, आणि बाईंची भक्तही नव्हते. संतचरित्र वाचायचं असेल तर ते इथे सापडणार नाही.

आमचं गाव रिसोड तालुक्यातलं. केनवडच्या अलीकडे फाट्यावर एसटीतून उतरायचं आणि पुढे काळ्या मातीतून चालत जायचं. तेव्हा वाशीम जिल्हा झाला नव्हता, सगळी सरकारी कामं अकोल्याला. सत्तरच्या सुमारास बाई नॉर्वेहून तिथे आल्या. त्यांच्या मिशनने विटांच्या दोन खोल्या बांधून दवाखाना थाटला होता आणि शेजारी प्रार्थनेसाठी एक लांबट खोली. चाळिशीच्या आसपासची उंच बाई, उन्हाने नाक सोललेलं, सुती साडी घोट्याच्या बरीच वर. मराठी कुठल्या तरी भाषाशाळेत शिकून आल्या होत्या. "कृपा करून आपली जीभ दाखवावी," असं म्हणाल्या की पेशंट मागे वळून बघायचा, ही नेमकं कोणाला बोलते आहे म्हणून. त्यांना माणसांत आणलं ते माझ्या गयामावशीने. आईची ही धाकटी बहीण दवाखान्यात पाणी भरायला आणि झाडझूड करायला होती. तिचं तोंड म्हणजे तोफ. तिच्या तालमीत दोन-तीन वर्षांत बाई निळे डोळे वटारून विचारू लागल्या, "काहून वं, काल पट्टी बदलाले काहून नाही आली?" तिकडे नॉर्वेत गेल्यावरही त्यांची मराठी अशीच होती, असं शांता सांगते.

मिशनरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मोटार, परदेशी डबे आणि ओतलेला पैसा येतो. बाईंकडे एक सायकल होती, आणि ती बाभळीच्या काट्यांमुळे चालवण्यापेक्षा ढकलण्यातच जास्त गेली. उन्हाळ्यात त्या डोक्यावर ओलं फडकं टाकून पेशंट तपासायच्या. दुष्काळाच्या वर्षी दवाखान्याची विहीर आटली तेव्हा त्याही आमच्या वस्तीतल्या बायकांसोबत झऱ्यावर रांगेत उभ्या राहिल्या, आणि घागर डोक्यावर पेलता येत नाही म्हणून गयामावशीच्या शिव्या खाल्ल्या. त्यांची आई वारल्याची तार आली ती आईला मातीत ठेवून झाल्यावर. तार वाचून त्यांनी घडी केली, खिडकीत ठेवली आणि समोरच्या पोराच्या कानातला मळ काढायला घेतला. दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर मावशी त्यांच्याजवळ जाऊन बसली. ती गप्प बसलेली मी तेवढीच पाहिली.

पण बाईंचा खरा कठीण दिवस रविवार. प्रार्थनेच्या खोलीत मिशनने भरपूर बाकं करून ठेवली होती. त्यांवर बसायला सॅम्युएलराव, त्यांची बायको, लहानगी शांता आणि स्वतः बाई. सॅम्युएलराव पेटी वाजवायचे, चौघं मिळून गायची आणि आवाज रिकाम्या बाकांवर आपटून परत यायचा. दवाखान्यात सोमवारी पाय ठेवायला जागा नसायची. रविवारी तिकडे कोणी फिरकत नसे.

असं नव्हे की बाईंनी प्रयत्न केला नाही. आम्ही त्यांच्या स्वर्गात यावं असं त्यांना मनापासून वाटायचं आणि त्या ते लपवत नसत. माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर. छप्पन साली आमच्या घराने धम्म घेतला होता. बाई एकदा घरी आल्या, चहा झाला, आणि त्यांनी सरळ विषय काढला. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर असन. पन आमी आत्ताच कुठं एका घरातून निघून दुसऱ्या घरात आलो. सामान अजून लागलं नाही. तुमी पुन्हा बिऱ्हाड हालवा म्हनता!" बाई मोठ्याने हसल्या. "मास्तर, मी पुन्हा इचारीन," म्हणाल्या. "इचारा ना. चहा तर कधीबी हाये," वडील म्हणाले. आणि खरोखरच त्या दर वर्षी विचारत, आणि दर वर्षी चहा होई.

मी मॅट्रिक झाले आणि दवाखान्यात मदतीला लागले. इंजेक्शनच्या सुया उकळणं, जखमा धुणं, बाळंतिणीजवळ थांबणं. माझा हात बरा आहे असं बाईंचं मत पडलं. मिशनच्या मोठ्या हॉस्पिटलात नर्सिंगच्या शिक्षणासाठी मला पाठवायचं त्यांनी ठरवलं होतं, वडिलांनीही मान डोलावली होती. मी मनातल्या मनात पांढरी टोपी घालून फिरत होते. आणि बाईंचं म्हणाल तर, त्यांच्या मिशनची माणसं एकदा घराबाहेर पडली की जन्मासाठी पडतात, असं त्याच सांगायच्या. मागे घर उरलं नव्हतं, लग्न केलेलं नव्हतं. "मी आता इथंच बुढी होनार," हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

अशात एका हिवाळ्यात खबर आली की मिशनचे मोठे साहेब तिकडून पाहणीला येणार. बाईंचा चेहरा उतरला. सॅम्युएलरावांना त्यांनी खरं ते सांगितलं. इतकी वर्षं झाली, या गावात एकही माणूस ख्रिस्ती झालं नाही. औषधं वाटायला सरकार आहे, आपण कशासाठी आहोत, असा प्रश्न तिकडे उठला होता. साहेबांना प्रार्थनेची खोली रिकामी दिसली तर दवाखाना बंद होणार आणि बाईंना परत बोलावणार. सॅम्युएलरावांनी हे आपल्या बायकोला सांगितलं, बायकोने गयामावशीला, आणि मावशीला सांगितलेली गोष्ट गावात राहिली नाही असं कधी झालं नाही.

"मानसंच पाह्यजेत ना बसाले? मानसं काय कमी हायेत आपल्याकडं?" मावशी म्हणाली. बाईंच्या नकळत तिने घरोघरी फिरून सगळ्यांना पढवलं. रविवारी अंघोळ करून यायचं, साहेब बोलेल ते मान हलवत ऐकायचं आणि त्याने आमेन म्हटलं की आपण आमेन म्हणायचं. फक्त माझ्या वडिलांनी येणार नाही म्हणून सांगितलं. पण जाणाऱ्यांना त्यांनी अडवलंही नाही.

तो रविवार मला आजही लख्ख दिसतो. साहेबांना घेऊन बाई खोलीच्या दाराशी आल्या आणि जागीच थांबल्या. सगळी वस्ती आत! बायकांनी वंदनेच्या पांढऱ्या साड्या नेसलेल्या, चपलांचा दाराबाहेर हा ढीग. बाकांवर बसणं बरं दिसत नाही म्हणून बाकं भिंतीला सरकवून सगळे जमिनीवर मांडी घालून बसलेले. मावशीने विहारातल्या मेणबत्त्या आणून टेबलावर ओळीने लावल्या होत्या, सोबत अगरबत्तीचा पुडाच्या पुडा पेटवलेला. साहेब हरखले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं… मलाही पांढरी टोपी हवी होती.

साहेब बराच वेळ बोलले. सॅम्युएलराव घाम पुसत मराठी करत होते. माणसं इतकी मन लावून ऐकत होती की खुद्द साहेबांनाही एवढी सवय नसावी. मग प्रार्थना झाली. सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले. साहेब गंभीर आवाजात म्हणाले, "आमेन." हात जोडलेले, डोळे मिटलेले, समोर मेणबत्त्या… विहारात वंदनेच्या शेवटी म्हणायची वर्षानुवर्षांची सवय ती. सगळी खोली एका आवाजात गरजली, "साधु! साधु! साधु!"

कौलं हलली असतील. साहेबांचे डोळे भरून आले. हे काय म्हणाले, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. सॅम्युएलराव हुशार माणूस. त्यांनी तात्काळ सांगितलं, इकडच्या भाषेत आमेनच म्हणाले. आणि अर्थ धरला तर ते काही फार चुकीचंही नव्हतं. तेवढ्यावर सगळं भागलं असतं. दवाखाना राहिला असता, बाई राहिल्या असत्या, मी नर्स झाले असते. पण बाई उठून उभ्या राहिल्या. साहेबांशी त्या आपल्या भाषेत थोडंसंच बोलल्या, आणि मग आमच्याकडे वळून तेच मराठीत म्हणाल्या, म्हणजे कोणाला अंधारात ठेवायला नको. "मी साहेबाले सांगतलं, हे बुद्धाचे लोक हायेत. माहे शेजारी हायेत. माह्यासाठी आले. यांच्यातला एकबी ख्रिस्ती झाला नाही."

साहेब चांगले गृहस्थ होते. ते रागावले नाहीत. दुपारी पिठलं-भाकरी खाऊन ते निघून गेले.

मावशी मात्र भडकली. संध्याकाळी दवाखान्याच्या पायरीवर तिने बाईंना गाठलं. मी आत सुया उकळत होते, सगळं ऐकू येत होतं.

"तुले राह्यचं नव्हतं का वं इथं?"

"राह्यचं होतं."

"मंग तोंड काहून उघडलं?"

"गया, पुनवेले तू विहारात काय म्हनतं? खोटं बोलनार नाही म्हनतं ना? माह्यापायी तू ते मोडाचं? ते मले नाही पाह्यजे."

मावशी जराही डगमगली नाही. "आमी कुठं खोटं बोललो? आमी तं साधुच म्हनलं!"

यावर बाईंना जे हसू फुटलं ते थांबेना. हसता हसता त्या पायरीवर बसल्या, आणि मग कधीतरी ते हसू रडण्यात गेलं. मावशी शेजारी बसून आपल्या पदराने त्यांचं नाक पुसत होती आणि शिव्या देत होती. मी बाहेर गेले नाही. मला बाईंचा भयंकर राग आला होता. आपला धर्म, आपलं सत्य, पण किंमत आम्ही मोजायची! हा राग पुढे कितीतरी वर्षं टिकला, आणि खरं सांगायचं तर अजून पुरता गेलेला नाही. एका बाईच्या खरं बोलण्यामुळे आसपासच्या गावांतल्या बाळंतिणी पुन्हा बैलगाडीतून रिसोडच्या वाटेला लागल्या. ते बरोबर झालं की नाही, मला आजही ठरवता येत नाही.

वर्षभरात दवाखाना बंद झाला. निघताना बाई माझ्या वडिलांकडे शेवटचा चहा प्यायला आल्या. त्यांनी त्या वर्षीचा प्रश्न विचारला, आणि वडिलांनी त्या वर्षीचं उत्तर दिलं. मी पुढे सरकारी प्रशिक्षण घेतलं, टोपी मिळाली, मानोरा ते मालेगाव बदल्यांवर फिरले, निवृत्त झाले. बाईंना एकदाही फोन केला नाही. करावासा वाटला नाही असं नाही, पण केला नाही.

गेल्या महिन्यात गावाला गेले ती गयामावशीला बातमी सांगायला. ती आता फार थकली आहे, ऐकू कमी येतं. तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. तिने एकच विचारलं, "कुठं पुरलं तिले?"

"तिकडंच. तिच्या गावात."

मावशीने मुलाला हाताने खूण केली. तेव्हा तिचा मुलगा मला बाहेर घेऊन गेला आणि त्याने दाखवलं. दवाखान्याच्या विटा, दारं, कौलं गावाने केव्हाच नेली होती, तिथे आता घरं झाली आहेत. पण मागच्या बाजूला, पळसाच्या झाडापाशी, एक खाट मावेल एवढा मातीचा तुकडा मोकळा होता, भोवती दगड लावलेले, सारवून ठेवलेला. निघण्याच्या दिवशी बाईंनी ही जागा मावशीला दाखवली होती. मी बुढी झाले की परत येईन, मला इथेच मातीत ठेवा, म्हणाल्या होत्या. मावशीने हो म्हटलं होतं. तेव्हापासून तिने तिथे कोणाला शेणाची गवरी थापू दिली नाही की बकरी बांधू दिली नाही. घरं वाढत आली तशी भांडून भांडून तिने ती राखली. आता तिला चालवत नाही, तर सून येऊन सारवते. हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

आम्ही परत आलो तेव्हा मावशी ओसरीवरच बसली होती. मुलाला तिने जवळ बोलावलं.

"थे तं आता येत नाही," ती म्हणाली. "मंग मलेच ठेवजा तिथं. बाईची जागा रिकामी कायले ठेवाची?"

मुलगा हो म्हणाला. बाई गेल्यानंतर मी पहिल्यांदा रडले ती तिथे, त्या ओसरीवर.