रेड्याच्या शिंगाचे पेन

तो तक्रारअर्ज आजही मला जवळजवळ पाठ आहे. दोन पानांच्या अर्जात तक्रार पाच ओळींची होती. उरलेल्या जागेत तक्रारदाराची ओळख होती. माजी अध्यक्ष, विद्यमान सल्लागार, तहहयात संस्थापक वगैरे. मी तेव्हा मेहकर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा ठाणेदार होतो. निवृत्तीला अडीच वर्षे उरली होती आणि लांब अर्जांचा धसका घेण्याचे वय मागे पडले होते.

अर्जदाराकडे शाईच्या पेनांचा संग्रह होता, शंभराच्या वर. त्यातले सगळ्यात मानाचे पेन रेड्याच्या शिंगाचे, आजोबांचे. याच पेनाने आजोबांनी गावच्या शाळेला दोन एकर जमीन लिहून दिली, असे घरात सांगत. शिंगाला कीड लागते. टोपणाला भोके पडली, म्हणून अर्जदाराने पेन बीबी गावच्या एका खरादी, म्हणजे कातकाम करणाऱ्या, बाईंकडे दुरुस्तीला दिले. पंधरा दिवसांनी परत आले ते काळेभोर, चकचकीत, आणि लिहायला घेतले तर कागद फाडणारे. 'सदर महिलेने अस्सल पेन लंपास करून नक्कल आमच्या माथी मारली आहे', असा आरोप होता. तोच मजकूर त्यांनी गावाच्या मोबाइल ग्रुपवरही टाकला होता. रविवारी त्या पेनाचा 'दर्शन सोहळा' ठरला होता. पत्रिका अर्जाला जोडलेली होती. तिच्यावर अकरा पाहुण्यांची नावे मोठ्या अक्षरांपासून बारीक अक्षरांपर्यंत उतरत गेली होती. अकरावे वाचायला मला चष्मा पुसावा लागला.

'शिंग' हा शब्द वाचून आमचे जमादार म्हणाले, "साहेब, फॉरेस्टवाल्याइले फोन लावू का?"

"रेडा अजून संरक्षित प्राणी झालेला नाही," मी म्हणालो.

अर्जदार समोर बसले होते. पांढरे शुभ्र कपडे, खिशाला तीन शाईची पेने. अर्जावरची सही मात्र बॉलपेनची होती.

"हे पेन आधी कसं चालायचं?" मी विचारले.

"लोण्यासारखं."

"तुम्ही शेवटचं कधी लिहिलं होतं त्याने?"

"वारशाच्या वस्तूने कोणी लिहीत असतं का, साहेब? ते काचेच्या पेटीत असतं. कुलपात. सोहळ्यात सही करायची म्हणून परवा पहिल्यांदा लिहायला घेतलं."

"मग लोण्यासारखं चालायचं, हे कळलं कसं?"

"आमच्या घराण्यात सांगतात."

त्यांना त्याच दिवशी फसवणुकीचा गुन्हा नोंदवून हवा होता. मी ठाणे दैनंदिनीत नोंद घेतली, पेन पोच देऊन ठेवून घेतले आणि आधी प्राथमिक चौकशी करतो म्हणून सांगितले. संध्याकाळी वरून फोन आला : "वजनदार माणूस आहे, बघून घ्या." मी "बघून घेतो" म्हणालो. हा शब्द पोलीस खात्यात फार उपयोगी आहे. त्यात काहीच कबूल करावे लागत नाही.

महिलेचा जबाब तिच्या घरी घ्यायचा असतो, म्हणून दुसऱ्या दिवशी महिला कॉन्स्टेबल आणि ते पेन सोबत घेऊन मी बीबीला गेलो. बाई तिशीच्या असतील. वडील पाळण्याचे खांब आणि लाटणी खरादत. त्याच खरादीवर त्या पेने करू लागल्या होत्या. ओसरीत जळक्या केसांचा वास भरला होता. शिंग खरादले की तसा वास येतो. फळीवर कामाला आलेल्या वस्तू चिठ्ठ्या लावून ठेवल्या होत्या : एकाने आजीचे मोडके मुसळ पाठवले होते, एकाने बैलगाडीच्या जुन्या आखाचा तुकडा. त्यातून पेन घडवून मागणारी माणसे पुण्यापासून चेन्नईपर्यंत होती.

बाईंनी आम्हाला पाणी दिले आणि उभ्याच राहिल्या.

"साहेब, गुन्हा लागला तं माहं काम संपलं. लोकं मले पाह्यलं बी नाही, तरी बापाचं, आज्याचं पेन कुरियरनं पाठोतात. निस्त्या भरोशावर. कालपासून दोघायनं पेनं वापस मागतली."

"पेन बदललं का तुम्ही?"

"काऊन बदलू? टोपण नवीन केलं, बाकीचं तेल लावून घासलं, म्हणून काळं दिसते. निबले हात नाही लावला. मालकाले इचारल्याबिगर निबले हात लावत नाही मी. आमच्यात तो नियम हाये."

"मग ते खरखरतं का?"

त्यांनी घड्याळजीचे भिंग माझ्या हाती दिले. "टोक पाहा. एका अंगानं घासलेलं हाये. वीस-पंचवीस वर्स एकाच माणसानं लिहिलं, की निब त्या हाताची होऊन जाते. मंग दुसऱ्याच्या हाती खरखरणारच. आन् हा हात डावरा हाये."

"हे तक्रारदारांना सांगितलं होतं?"

"हाव ना! पेन देताना सहज इचारलं, काकाजी, तुमचे आजोबा डावरे होते का? तं असे भडकले का बस. म्हणे आमच्या खानदानात कोणी डावरं नाही!"

डावखुरेपणाने खानदानाची अब्रू जाते, हे मला नव्याने कळले. पण तपासाला दिशा मिळाली. निब एवढी झिजलेली असेल, तर ते नवे बनवलेले पेन नव्हते. नक्कल करणारा टोपण घडवील, पंचवीस वर्षांची झीज कुठून आणील? तरीही तर्कावर अर्ज निकाली निघत नाही. तो हात सापडायला हवा होता.

ठाण्यात परतलो तर जमादार वाटच पाहत होते. "साहेब, एका बाईचा फोन आल्ता. म्हणे, पेन तेच हाये, त्या पोरीले तरास देऊ नका. नाव इचारलं तं ठेवून देल्ला."

"नंबर?"

जमादारांनी रजिस्टर पुढे सरकवले आणि शेजारी तक्रारअर्ज ठेवला. अर्जदाराने संपर्कासाठी घरचा म्हणून जो दुसरा क्रमांक दिला होता, तोच. निनावी खबर देणारे फार लांब राहत नाहीत हा माझा नेहमीचा अनुभव. इतक्या जवळ राहणारे मात्र पहिल्यांदाच भेटले.

मध्ये एक काम उरले होते, आजोबांच्या हस्ताक्षराचा नमुना. शाळेत गेलो. मुख्याध्यापकांच्या खोलीत जमिनीचे दानपत्र काचेच्या चौकटीत लावलेले होते. वर्षानुवर्षे त्याला हार घातला जात असे, त्यामुळे खालचा भाग कोणी वाचला नसावा. मुख्याध्यापकांनी हार बाजूला केला. सहीच्या जागी आजोबांचा अंगठा होता. डाव्या हाताचा; घराण्यातल्या डावेपणाचा तेवढाच लेखी पुरावा. पण निब झिजवणारा हात हा नव्हता. त्यांनी शाळेला जमीन दिली ती स्वतः शाळेत गेले नाहीत म्हणून, आणि मला ते पेनापेक्षा मोठे वाटले. पण रविवारच्या पत्रिकेत तसे छापलेले नव्हते.

शुक्रवारी मी अर्जदाराच्या घरी गेलो. सोबत महिला कॉन्स्टेबल आणि खरादी बाई. दिवाणखान्यात काचेची पेटी, तिच्यात मखमलीवर पेने, प्रत्येकाखाली छापील कार्ड. अर्जदाराच्या पत्नीने चहा आणला आणि त्या दारात थांबल्या. मी पेन, शाईची बाटली आणि कोरे कागद टेबलावर ठेवले. "सगळ्यांच्या हस्ताक्षराचे नमुने घ्यायचे आहेत. एकेक ओळ लिहा."

अर्जदाराने आपले पूर्ण नाव लिहायला घेतले. पदव्यांपर्यंत पोचण्याआधीच कागद फाटला. मी लिहिले, खरखरले. खरादी बाईंच्या हातीही तेच.

"वहिनी, आता तुम्ही."

"अहो, तिला कशाला?" अर्जदार म्हणाले. "तिचा काय संबंध?"

वहिनींनी पदराला हात पुसला, पेन डाव्या हातात धरले आणि लिहू लागल्या. कसलाच आवाज झाला नाही. एक ओळ झाली, दोन झाल्या. वळणदार, मोत्यासारखे अक्षर. महिला कॉन्स्टेबलच्या तोंडून निघाले, "बाप्पा, काकू!"

अर्जदारांची प्रमाण मराठी त्या क्षणी गळून पडली. "तू... डावरी हायेस?"

"लग्नाच्या वक्ती आईनं सांगतलं होतं, जेवण उजव्या हातानं कर, सही उजव्या हातानं कर, बाकी कोणी पाहत नाही," वहिनी म्हणाल्या. "खरंच कोणी पाह्यलं नाही."

बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी पत्नीला लिहिताना पाहिले नव्हते. दुपारी ते झोपले की त्या पेन काढत. बहिणीला पत्रे, गल्लीतल्या बायकांचे रेशनकार्डाचे अर्ज, पोरांच्या दाखल्यांचे अर्ज. लिहून झाले की पेन धुऊन, पुसून परत मखमलीवर.

"अन् मले पत्ता नाही? मी रोज पेटी पुसतो!"

"तुम्ही बाहेरून काच पुसता. अंदरचं मीच पुसतो ना."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं तं पेटीले दुसरं कुलूप लागलं असतं." मग त्या खरादी बाईंकडे वळल्या. "या पोरीचं नाव खराब होऊन राह्यलं, म्हणून फोन केला. नाही तं आजूक बी बोलली नसती."

तक्रार मागे घेण्याचा अर्ज तिथेच लिहायचा ठरला. अर्जदारांनी खिशातले बॉलपेन काढले, दोन शब्द लिहून खोडले. ते ठेवून दिले. शेवटी त्यांनी सांगायचे आणि वहिनींनी लिहायचे, असे झाले. ते "माजी अध्यक्ष" पासून सुरुवात करू लागले. वहिनी म्हणाल्या, "तुमाले सहीपुरती जागा सोडली हाये." चार ओळींत अर्ज संपला. पण पाचवी ओळ वहिनींनी कोणी न सांगता घातली : 'सदर कारागीर भगिनीने काम चोख केले असून, तिच्याबद्दल ग्रुपवर लिहिलेले चूक होते, याबद्दल मी दिलगीर आहे.' अर्जदारांनी ती ओळ दोनदा वाचली. माझ्याकडे पाहिले, पत्नीकडे पाहिले आणि सही केली. त्या अर्जाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, तोही त्यांनी स्वतः. हे त्यांच्या बाजूने नोंदवायलाच हवे.

निघताना खरादी बाईंनी विचारले, "काकू, टोक गोल करून देऊ का? म्हंजे काकाजीले बी चालन."

"नको बापा," वहिनी म्हणाल्या. "त्याइले शंभर हायेत."

सोहळा रविवारी झाला. अकराही पाहुणे बोलले. शिंगाचे पेन मात्र आले नाही. ते घरी कामात होते.

त्या प्रकरणात ना अटक झाली, ना दोषारोपपत्र गेले, त्यामुळे वार्षिक अहवालात त्याची नोंद नाही. पण उरलेल्या अडीच वर्षांत माझी एक सवय बदलली. ठाण्यात वस्तू आली की पंचनाम्यात पहिला प्रश्न असतो, ही कोणाची? मी त्याच्याआधी विचारू लागलो, ही रोज वापरतं कोण? मोटारसायकल असो, मोबाइल असो की विहिरीवरचा पंप, अर्ध्याअधिक वेळा नाव वेगळेच निघते. आणि ते माणूस बहुधा दिवाणखान्यात बसलेले नसते. त्याला दारातून आत बोलवावे लागते.