टीबीच असू दे

माझा मामा शिंपी. गिऱ्हाइकाच्या पोटाचा घेर नुसत्या नजरेनं सांगायचा. टेप लावली तर अर्ध्या इंचाचाही फरक निघायचा नाही. स्वतःच्या पोटात काय चाललंय ते मात्र त्याला वर्षभर कळलं नाही. जेवला की कळ, अधूनमधून ताप, जुलाब. शेवटी डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून आतड्यातले व्रण बघितले, तुकडा तपासायला पाठवला, तरी निकाल अधांतरीच.

"आतड्याचा टीबी, नाहीतर क्रोन्स," त्या म्हणाल्या. "दोन्ही दिसायला सारखेच. तुकड्यात जंतू सापडला नाही, पण तेवढ्यावरून टीबी नाही असं म्हणता येत नाही. क्रोन्सची औषधं प्रतिकारशक्ती दाबतात. ती आधी दिली आणि निघाला टीबी, तर तो अंगभर पसरेल. म्हणून आधी टीबीच्या गोळ्या. दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण. व्रण भरले तर टीबी."

"आणि नाही भरले तर?" मामाने विचारलं.

"तर क्रोन्स. तो जन्माचा सोबती. औषधांनी दबतो, जात नाही."

"म्हणजे हिच्यासारखा," मामा म्हणाला.

"मी दबत नाही," मामी म्हणाली.

टीबी सहा महिन्यांत सुटतो हे कळल्यापासून मामाने टीबीच धरून ठेवला. लोक टीबी नसावा म्हणून देवाला हात जोडतात. आमच्या घरी उलटा कारभार.

दोन महिने झाले. मामीने दुर्बिणीची आठवण करून दिली.

"कशाला? पॅंट बघ. ढिली झालीय का कुठे?"

पॅंट खरंच चोख बसत होती. गाल बसले होते, पण ते आम्ही वयावर ढकलले. सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणायला मीच जायचो. तिथल्या बाईंनी वजन विचारलं की ऐटीत सांगायचो, "कपडे तसेच बसतात." त्या म्हणायच्या, त्यांना घेऊन या. मी मान डोलवायचो. माझी बुद्धी शाळेपासूनच तल्लख.

पाचव्या महिन्यात मामा इस्त्री करताना पोट धरून वाकला, तो सरळ झालाच नाही. आतडं फुटलं होतं. ऑपरेशनला नेताना नर्सने त्याचे कपडे माझ्या हातात दिले. पॅंट उलटी होती. आतून, एकाशेजारी एक, सहा शिवणी. दर पंधरा-वीस दिवसांनी मामा पॅंट आत घेत होता. टाके सगळे एकसारखे, हात कुठे हललेला नाही.

हातभर आतडं काढलं, शौचासाठी पोटावर पिशवी आली. तपासणीत क्रोन्स निघाला. "दुसऱ्या महिन्यात आले असते तर औषध बदललं असतं," डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या.

मामाला हे सांगायचं माझ्यावर आलं. सांगितलं.

"तिसऱ्यांदा आत घेतली तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?" मामीने विचारलं.

"म्हटलं, तेवढे सहा महिने तरी टीबीच असू दे."

नर्स पिशवी कशी बदलायची ते दाखवायला आली होती. मामीने हात धुतले आणि बघायला उभी राहिली.