दुसऱ्या राऊंडमध्ये पडलेला पैलवान

निवृत्त झाल्यावर बरीच प्रकरणं विसरलो. आरोपींची तोंडं विसरलो, कलमांचे आकडेसुद्धा आता बदलले. हे एक प्रकरण मात्र विसरलो नाही, आणि विसरायची माझी तयारीही नाही. आजही कुणी म्हणालं, "साहेब, त्या बॉक्सिंगच्या भानगडीत पडायची तुम्हाला काय गरज होती?" तर मी त्याला समोर बसवतो, चहा मागवतो आणि पहिल्यापासून ऐकवतो. तेच इथं लिहितो आहे. नाव कुणाचंच घेणार नाही.

सोलापूरला कुस्तीचं मैदान नवं नाही, पण टीव्हीवर थेट दाखवली जाणारी पैशाची बॉक्सिंग नवी होती. मुंबईचा एक प्रमोटर आला. प्रमोटर म्हणजे लढती भरवणारा ठेकेदार. बॉक्सरशी करार तोच करतो, हॉल तोच घेतो आणि चॅनेलला कार्यक्रमही तोच विकतो. सात रस्ता चौकात भलंमोठं पोस्टर लागलं, 'मातीतला पैलवान विरुद्ध अजिंक्य बॉक्सर'. पैलवान करकंब गावचा. अकलूजच्या तालमीत घडलेला, गुडघा दुखावला म्हणून कुस्ती सोडून बॉक्सिंगकडे वळलेला. समोरचा बॉक्सर मुंबईचा, एकही लढत न हरलेला.

लढतीच्या दुपारी एक ओळखीचा रिक्षावाला माझ्या पोलीस ठाण्यात आला. सात रस्त्याच्या स्टँडवरचा हा माणूस, मुसलमान, तोंडात कायम पान, पण खबर पक्की. म्हणाला, "साहब, वो करकंबवाला पैलवान दूसरे राऊंड में सोनेवाला है. मेरे रिक्षा में दो सट्टेवाले बैठे थे, वोच बोल रहे थे." मी ठाणे दैनंदिनीत नोंद घेतली आणि वरिष्ठांना कळवलं. उत्तर आलं, बंदोबस्त नीट ठेवा.

बंदोबस्ताची एक गंमत सांगतो. पोलीस रिंगणाकडे पाठ करून उभा असतो, त्याचं काम लोकांकडे बघण्याचं. त्यामुळे हजारो माणसं डोळे फाडून जे बघत होती, ते मला दिसलं नाही. मला फक्त त्यांचे चेहरे दिसले. पहिल्या राऊंडला करकंबची पोरं शिट्ट्या मारत होती. दुसऱ्या राऊंडला सगळ्यांचं तोंड एकदम मिटलं. मी वळून पाहिलं तर पैलवान खाली आणि पंच आकडे मोजतोय. पुढच्या मिनिटाला खुर्च्या उडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमोटर स्वतः ठाण्यात हजर. पांढरे बूट, अत्तराचा भपकारा. तक्रार काय, तर पैलवानानं सट्टेवाल्यांकडून पैसे खाऊन लढत विकली, माझी, चॅनेलची आणि प्रेक्षकांची फसवणूक केली. फिर्याद घेणं माझं काम, घेतली. पण तिशीच्या आत केस पांढरे करणाऱ्या ह्या नोकरीत एक गोष्ट पक्की शिकलो होतो. ज्याचं खरंच नुकसान होतं तो पहिल्यांदा पाणी मागतो. ह्यानं आल्या आल्या पत्रकार कधी येणार ते विचारलं. म्हटलं, पाणी इथंच कुठंतरी मुरतंय.

पैलवानाला बोलावलं. तो एकटाच आला, हातात कपड्यांची पिशवी घेऊन. पिशवी कशाला विचारल्यावर कळलं की वडिलांनी त्याला घराबाहेर काढलं होतं. वडीलही जुने पैलवान. उंबऱ्यात उभे राहून एवढंच म्हणाले होते, "इकलेला माणूस माझ्या घरात नगं." तालमीतही कुणी त्याच्याशी बोलत नव्हतं. एवढा आडदांड गडी, पण खुर्चीवर अंग चोरून बसला होता.

मी विचारलं, पैसे घेतलेस का.

"न्हाय."

मग पडलास कसा?

"पडलो. लिवून घ्या तसं."

पुढच्या प्रत्येक प्रश्नाला हेच उत्तर. आमचे हवालदार वैतागले. त्यांचा अंदाज होता की दोन आवाज चढवले की हा बोलेल. अहो, ज्याला बापानं घराबाहेर काढलंय त्याला हवालदाराच्या आवाजाची काय भीती? मी त्याला जेवण मागवलं आणि बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं.

मग ठाण्याचं लिखाण सांभाळणाऱ्या रायटर हवालदाराच्या मोबाइलवर ती लढत काढली. बंदोबस्तात हुकलेली लढत मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. चॅनेलवाल्यांनी तो पडण्याचा क्षण स्लो मोशनमध्ये पुन्हा पुन्हा दाखवला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बॉक्सरचा ठोसा जबड्याला लागतो, पैलवान लटपटतो, इथवर सगळं ठीक. पण पडता पडता तो अंग फिरवतो, कोपरं आत घेतो, मान आखडतो आणि पोटावर येतो. मी पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच.

मी तरुणपणी तालमीत चार दिवस माती खाल्ली आहे. तिथं पोराला पहिली गोष्ट शिकवतात, काहीही झालं तरी पाठ मातीला लागू द्यायची नाही. पाठ लागली की चितपट, खेळ खलास. ते इतकं अंगात भिनतं की पैलवान घरी जिन्यावरून घसरला तरी पोटावर पडतो. पण त्यासाठी शुद्ध लागते. ठोशानं बेशुद्ध झालेला माणूस पोत्यासारखा कोसळतो, त्याला पाठ आणि पोट सारखंच. हा गडी पूर्ण शुद्धीत होता.

त्याला आत बोलावलं. म्हटलं, "पैलवान, एकच विचारतो. पाठ का लागू दिली नाहीस?"

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. मातीत चेचून सुजट झालेल्या माझ्या कानांकडे बघितलं आणि म्हणाला, "सायेब, तुमी कुस्ती केलीय?"

"केलीय. तुझ्याएवढी नाही."

तो म्हणाला, "प्रमोटरनं पडायला सांगितलं हुतं. चित व्हायला न्हवतं सांगितलं."

एकदा बांध फुटल्यावर सगळंच बाहेर आलं. मुंबईच्या बॉक्सरची पुढची लढत परदेशात ठरली होती आणि प्रमोटरनं ती चॅनेलला आधीच विकली होती. सोलापुरात तो हरला असता तर सौदा मोडला असता, कारण टीव्हीला हरलेला माणूस चालत नाही. कपडे बदलायच्या खोलीत प्रमोटर पैलवानाला म्हणाला, दुसऱ्या राऊंडला पड. नाही पडलास तर तुझा करार माझ्याकडे आहे, तो संपेपर्यंत तुला कपाटात ठेवीन. कपाटात म्हणजे लढत द्यायची नाही आणि दुसरीकडे लढूही द्यायचं नाही. कुस्ती गुडघ्यानं नेली होती, बॉक्सिंग हा नेणार. खुर्च्या उडाल्यावर संशय स्वतःवर येऊ नये म्हणून प्रमोटरनं फिर्याद ठोकली, आणि वर पैलवानाला निरोप पाठवला की, ही नुसती फॉर्मॅलिटी आहे, तू तोंड बंद ठेव, मी सगळं मिटवतो. चोराच्या उलट्या बोंबा, आणि वर चोर साक्षीदाराला धीर देतोय. मला असा संताप आला की मी उठून बाहेर जाऊन आलो.

नुसत्या जबाबावर केस उभी राहत नाही. पैलवानाच्या बोलण्यात आलं होतं की लढतीच्या वेळी प्रमोटर कानाला हेडफोन लावून बसला होता. थेट प्रक्षेपणाच्या गाडीतला डायरेक्टर आणि रिंगणाजवळचे कॅमेरावाले हेडफोनवरून एकमेकांशी बोलतात, आणि ते बोलणं रेकॉर्ड होतं. आम्ही चॅनेलला नोटीस दिली. त्यांच्या वकिलांनी इंग्रजीत लांबलचक उत्तर पाठवलं. मग कोर्टातून वॉरंट आणून हार्ड डिस्क जप्त केली. लढत सुरू व्हायच्या आधीचा प्रमोटरचा आवाज त्यात स्वच्छ होता, "दुसऱ्यात पडणार आहे, स्लो मोशनचा कॅमेरा त्याच्यावरच ठेवा." त्याचा मेहुणा सट्टेवाल्यांशी दिवसभर बोलत होता, तेही फोनच्या नोंदीवरून निघालं. फिर्यादीचा आरोपी झाला.

मग फोन सुरू झाले. अहो, सोलापूरचं नाव होतंय, कशाला मोडता घालता. अहो, तो मोठ्या लोकांत ऊठबस असलेला माणूस आहे. मी प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, "साहेब, लेखी द्या." लेखी कुणीच दिलं नाही. लेखी आली ती माझी बदली. मी दोषारोपपत्रावर सही करून मगच पदभार सोडला. तपास घाईत केला असं कुणी म्हणू नये म्हणून प्रत्येक पान दोनदा वाचलं होतं.

राहता राहिला पैलवान. त्याला माफीचा साक्षीदार करायचं ठरलं. म्हणजे स्वतःच्या वाट्यासकट सगळं खरं सांगायचं, त्या बदल्यात कोर्ट त्याला माफी देतं. हे ऐकून गडी बिथरला. "माफी कशाची? मी मागितली का? खरं सांगतो, मग शिक्षा द्यायची तर द्या." त्याची समजूत काढता काढता सरकारी वकिलांना घाम फुटला. शेवटी मी म्हटलं, बाबा, तो कायद्यातला शब्द आहे, तुझ्या तोंडचा नाही. तेव्हा कुठं तयार झाला.

निकाल आधीच सांगून टाकतो. खालच्या कोर्टात प्रमोटरला शिक्षा झाली, तो अपिलात गेला आणि जामिनावर बाहेर आहे. पैलवानावर बॉक्सिंगवाल्यांनी बंदी घातली, खोटं पडल्याबद्दल. खरं बोलल्याचं बक्षीस. लोक मला म्हणतात, मग मिळवलं काय? मी एवढं शिकलो की धमकी कपाटात असते तोवरच तिला जोर असतो. चारचौघांत मोठ्यानं सांगितली की धमकी देणाराच उघडा पडतो. आणि मोठ्यानं सांगायला एक माणूस लागतो, ज्याला स्वतःची लाज गिळता येते. पोलिसानं त्या माणसाच्या मागं उभं राहायचं असतं, बाकी आमचं काम ते काय.

साक्षीच्या दिवशी मी नव्या जागेवरून रजा काढून कोर्टात गेलो. पैलवान अजूनही तीच कपड्यांची पिशवी घेऊन आला होता. करकंबहून माणसं आली होती. सगळ्यात मागच्या बाकावर त्याचे वडील काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. पैलवानानं त्यांना बघितलं आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरला. मला वाटलं, आता हा कच खातोय.

आरोपीच्या वकिलांनी त्याच्या वर्मावरच बोट ठेवलं. "म्हणजे ठोसा एवढा लागलाच नव्हता. तुम्ही हजारो लोकांसमोर खोटं पडलात. तुमच्या गावाला फसवलंत. खरं की नाही?"

"खरं हाय."

"मोठ्यानं सांगा."

तो वकिलांकडे न बघता मागच्या बाकाकडे बघून म्हणाला, "व्हय. मी खोटा पडलो. गावाला फसवलं, माझ्या बापाला फसवलं. पैसं घेतलं न्हाईत, भ्यालो हुतो. ज्यानं भ्या घातलं त्यो तितं बसलाय." आणि प्रमोटरकडे बोट दाखवलं. प्रमोटर मोबाइलमध्ये बघत होता.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही व्हरांड्यात आलो. वडील सावकाश चालत आले आणि मुलाच्या शेजारून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्याच्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

"सायेब, ह्याचं हितलं काम झालं का?"

म्हटलं, "झालं, बापू. फक्त सही राहिली आहे."

"मग सही झाली की मी ह्याला घरी न्हेतो," ते म्हणाले, आणि त्याच्या हातातली कपड्यांची पिशवी काढून स्वतःच्या खांद्यावर टाकली.